प्रपंचांतील यंत्रें : चित्र आहे, वाणी नाहीं

गेल्या महिन्यांत वणीस आमच्या शेजारच्या घरीं वर्षश्राद्ध होतें. घरचे दिवंगत यजमान म्हणजे साऱ्या आळीचे 'नाना'. उभा जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलेला. बोलणें मोजकें, पण उच्चार असा स्वच्छ, कीं नुसती हाक मारली तरी ती जोडाक्षरांसकट ऐकूं यावी. दुपारची पंगत उठली, गुरुजी दक्षिणा घेऊन गेले, ओसरीवर सुपारीचें तबक फिरलें, तेव्हां काकू पुण्याहून आलेल्या पुतण्याला हळूच म्हणाल्या, "अरे, ते ह्यांचं चित्र आणणार होतास ना? लाव पाहूं."

हें चित्र २०१२ सालचें. नानांचीं ८० वर्षें व ८ महिने पुरे झाले त्या वेळीं मुलांनीं सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा केला होता. शेवटीं नाना अकरा-बारा मिनिटें बोलले. घराण्याची हकीकत त्यांनीं सांगितली, आपल्या गुरुजनांचें स्मरण केलें, आणि बसतां बसतां नातवंडांच्या आग्रहास्तव काकूंचें नांव घेतलें. लग्नांतल्या पंगतीनंतर पंचावन्न वर्षांनीं चारचौघांत घेतलेलें हें दुसरें नांव! मांडवांत हंशा पिकला, टाळ्या पडल्या. काकू त्या वेळीं बायकांच्या घोळक्यांत मागें बसलेल्या. त्यांना तो उखाणा धड ऐकूं आला नाहीं, आणि 'काय म्हणालांत' म्हणून मागाहून विचारण्याचा त्यांचा स्वभाव नव्हे. चित्रणाचें यंत्र मात्र नानांच्या समोर दोन हातांवर होतें.

पुतण्यानें चित्र काकूंच्या मोबाईलवर लावलें. नाना दिसले, उपरणें सांवरलें, हात जोडले, आणि बोलूं लागले. पण एक अक्षर ऐकूं येईना. आवाजाची कळ वाढविली, यंत्र बंद करून पुन्हां चालू केलें, सारें व्यर्थ. काकूंनीं मोबाईल कानाशीं धरला, मग डोळ्यांसमोर धरला, आणि म्हणाल्या, "ओठ तर हालून राहिले रे, पण ऐकूं काहीच येत नाहीं."

पुतण्याचा चेहरा उतरला. त्यानें मला बाजूला घेऊन सांगितलें तें असें. कॅमेऱ्यांतल्या मूळ फाइली फार मोठ्या होत्या, आणि त्यांचा प्रकारही असा, कीं मोबाईल त्या उघडीच ना. म्हणून त्यानें एका विनामूल्य साधनानें त्यांचें रूपांतर 'एमपी-४' या प्रकारांत केलें. रूपांतर झाल्यावर चित्र उघडतें एवढें पाहिलें, आणि जागा मोकळी व्हावी म्हणून मूळ फाइली पुसून टाकल्या. "काका, आवाज कायमचाच गेला का हो?" त्यानें विचारलें. त्या प्रश्नाचें उत्तर मला तत्काळ देतां आलें नाहीं. आणि तें कसें शोधावें, हाच या महिन्याच्या लेखाचा विषय आहे. कारण असा प्रसंग आज ज्या घरीं आला नाहीं, त्या घरीं तो उद्यां येणार.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण चित्रफीत ही एक अखंड वस्तु समजतों. वास्तविक ती एक डबा आहे. आपल्या घरच्या जेवणाच्या डब्यांत जशा एकावर एक वाट्या असतात, एकींत भाजी, दुसरींत वरण, तशा या डब्यांत एका वाटींत चित्राचा प्रवाह आणि दुसरींत ध्वनीचा प्रवाह असे वेगवेगळे ठेवलेले असतात. कधीं तिसऱ्या वाटींत दुसऱ्या भाषेंतला ध्वनि असतो, चौथींत खालीं उमटणारीं अक्षरें असतात. एमपी-४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही हीं सारीं डब्यांचीं नांवें होत. आंतल्या पदार्थांचीं नव्हेत. आंतला पदार्थ कोणत्या रीतीनें सिद्ध केला आहे, तें सांगणारें नांव निराळें. त्यास 'कोडेक' म्हणतात. ध्वनीच्या बाबतींत एएसी, एसी-३, एमपी-३, ओपस, डीटीएस, पीसीएम हीं असलीं नांवें आहेत. म्हणून दोन फाइलींच्या नांवापुढें 'एमपी-४' असेंच लिहिलेलें असलें, तरी एकीचा आवाज आपल्या मोबाईलवर ऐकूं यावा आणि दुसरीचा येऊं नये, हें अगदीं शक्य आहे.

इतक्या निरनिराळ्या पद्धति कशासाठीं, असें कोणी विचारील. कारण ध्वनि आहे तसा लिहूं म्हटल्यास तो फार जागा खातो. चांगल्या चित्रणांत ध्वनीचें मोजमाप एका सेकंदास ४८,००० वेळां घेतात, दर वेळीं १६ बिटांत लिहितात, आणि तेंही डाव्या व उजव्या अशा दोन बाजूंसाठीं. गुणाकार केला कीं सेकंदास १५,३६,००० बिट, म्हणजे तासास सुमारें ६९० मेगाबाइट, होतात. हाच ध्वनि एएसी पद्धतीनें सेकंदास १,९२,००० बिटांत लिहिला, तर तासास ८६ मेगाबाइट पुरतात. म्हणजे आठवा हिस्सा. कानाला जें ऐकूं येत नाहीं किंवा मोठ्या आवाजाच्या आड दडतें, तें वगळून ही काटकसर साधलेली असते. पण ज्या रीतीनें संक्षेप केला, ती रीत ठाऊक असलेल्या यंत्रासच तो पुन्हां उलगडतां येतो.

येथें मला आपल्या घरोघरच्या मोडी कागदांची आठवण होते. आजोबा-पणजोबांच्या पेटींत जमाखर्चाच्या वह्या, पत्रें, खरेदीखतें असतात. शाई ठळक आहे, कागद शाबूत आहे. पण घरांत मोडी वाचणारा कोणी उरलेला नाहीं. म्हणून काय तीं अक्षरें नाहींशीं झालीं? नाहीं. अक्षरें आहेत, वाचक नाहीं. आणि अशा वेळीं 'हा कोरा कागद आहे' असें म्हणून जो ती पेटी रद्दींत घालील, तो मात्र खरी हानि करील.

आतां नानांच्या चित्राकडे वळूं. तो कॅमेरा ज्या जातीचा होता, ती जात 'एव्हीसीएचडी' या पद्धतीची. तिच्या फाइलींच्या नांवापुढें 'एमटीएस' हीं अक्षरें असतात, आणि ध्वनि बहुधा एसी-३ म्हणजे डॉल्बी पद्धतीनें लिहिलेला असतो. ही पद्धति मूळची चित्रपटगृहांची; १९९२ सालीं ती पडद्यावर आली, पुढें डीव्हीडींत व कॅमेऱ्यांत शिरली. तिच्या वापराबद्दल पुष्कळ वर्षें मालकांस शुल्क द्यावें लागे. तिचीं मुख्य पेटंटें २०१७ सालीं संपलीं. तरीही कित्येक मोबाईलांत ती वाचण्याची सोय अद्याप नसते. रूपांतर करणाऱ्या साधनांत ध्वनीपुरता एक पर्याय असतो: 'नव्यानें लिहूं नका, आहे तसाच पलीकडे न्या.' त्यास 'पासथ्रू' म्हणतात. पुतण्यानें हा पर्याय नकळत ठेवला असेल, तर ध्वनि एसी-३ रूपांतच नव्या डब्यांत आलेला असणार. केवळ मोबाईलला तो वाचतां येत नसणार. आणि पर्याय उलट, म्हणजे 'ध्वनि नको' असा पडला असेल, तर मात्र ती वाटीच डब्यांत नसणार. आणि मूळ फाइली तर पुसलेल्या! सारें भवितव्य या एका गोष्टीवर येऊन ठेपलें होतें.

मीं माझा संगणक आणविला. त्यांत 'व्हीएलसी' नांवाचें विनामूल्य साधन आहे. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेंतील विद्यार्थ्यांच्या उद्योगांतून तें जन्मलें, २००१ सालीं सर्वांस खुलें झालें. आणि जगांतील बहुतेक सर्व ध्वनिपद्धति वाचण्याची विद्या तें स्वतःबरोबरच बाळगतें. गावांतल्या मोडी जाणणाऱ्या जुन्या कारकुनासारखेंच तें समजा. चित्र चालविण्यापूर्वीं मीं त्यांतील कोडेकची माहिती देणारी चौकट उघडली. पहिली ओळ चित्राच्या प्रवाहाची होती. दुसरी ओळ ध्वनीची. पद्धति एसी-३, मोजमाप ४८,०००. ती दुसरी ओळ पाहिल्याबरोबर माझ्या जिवांत जीव आला. मग चित्र चालू केलें, आणि नानांचा स्वर ओसरीवर आला. ताटें घांसणारी बाई सुद्धां हात थांबवून दारांत उभी राहिली.

पुढचें काम सोपें होतें. चित्राच्या प्रवाहास हात लावण्याचें कारण नव्हतें. केवळ ध्वनि एसी-३ मधून एएसीमध्यें नव्यानें लिहावयाचा होता. एएसी ही पद्धति १९९७ सालीं प्रमाण ठरली. एमपी-४ या डब्याशीं तिचें जन्माचें नातें आहे, आणि आजचा जवळजवळ प्रत्येक मोबाईल ती वाचतो. 'एफएफएमपेग' नांवाच्या विनामूल्य साधनास दोन आज्ञा दिल्या: चित्र जसेंच्या तसें उतरावें, आणि ध्वनि एएसीमध्यें लिहावा. चित्र पुन्हां दाबून लिहावयाचें नसल्यामुळें काम एका मिनिटाच्या आंत झालें, आणि चित्राची सुबकताही तिळभर उणावली नाहीं. ज्यांना आज्ञा लिहिण्याचा सराव नाहीं, त्यांनीं 'हँडब्रेक' नांवाचें साधन घ्यावें. त्यांतील ध्वनीच्या पानावर 'पासथ्रू' असेल तेथें 'एएसी' निवडावें. त्यांत चित्रही नव्यानें लिहिलें जातें व वेळ अधिक लागतो, एवढाच फरक.

नानांचें काम निभावलें. परंतु आवाज नाहींसा होण्याचीं कारणें एवढींच नाहींत. वाचकांच्या सोयीसाठीं मुख्य मुख्य येथें सांगतों.

पहिलें कारण, ध्वनीची वाटीच न येणें. कांहीं डबे मानी असतात. ते आपल्या जातीचाच पदार्थ आंत घेतात. उदाहरणार्थ, वेबएम हा डबा ओपस व व्हॉर्बिस या दोन ध्वनिपद्धतींसाठींच केलेला आहे. त्यांत एसी-३ आहे तसा घालूं म्हटल्यास साधन एक तर तक्रार करील, नाहीं तर मुकाट्यानें ध्वनि गाळील. रूपांतराच्या वेळीं पडद्यावर उमटणाऱ्या सूचना आपण न वाचतां पुढें ढकलतों, त्या वाचाव्या.

दुसरें कारण, अनेक ध्वनिप्रवाहांतून भलताच उचलला जाणें. डीव्हीडींत किंवा विकत घेतलेल्या चित्रपटांत मराठी, हिंदी असे दोन-तीन प्रवाह असतात. कांहीं कॅमेऱ्यांत दुसरा प्रवाह मागाहून निवेदन भरण्यासाठीं कोराच ठेवलेला असतो. साधन आपणहून बहुधा एकच प्रवाह उचलतें, आणि तो नेमका कोरा निघाला कीं आपण कपाळाला हात लावतों. व्हीएलसीमध्यें प्रत्येक प्रवाह आळीपाळीनें ऐकून कोणता हवा तें ठरवावें, आणि रूपांतर करतांना तोच सांगावा.

तिसरें कारण मोठें मौजेचें आहे. कानांत नळ्या घातल्या तर आवाज स्वच्छ ऐकूं येतो, आणि मोबाईल मेजावर ठेवून ऐकूं गेल्यास नाहींसा होतो! येथें डाव्या व उजव्या बाजूचे ध्वनि एकमेकांच्या उलट लिहिले गेलेले असतात. डावीकडची लाट वर चढते तेव्हां उजवीकडची तितकीच खालीं उतरते. दोन कानांस त्या वेगवेगळ्या पोंचतात तोंवर ठीक. पण मोबाईलचें एकच ध्वनियंत्र दोहोंची बेरीज करतें, आणि बेरीज येते शून्य. सभागृहांतील ध्वनिक्षेपकाची तार उलट जोडल्यानें असें होतें. उपाय इतकाच, कीं दोहोंपैकीं एकच बाजू ठेवून तीच दोन्हींकडे लिहावी.

चौथें कारण जुन्या मोबाईलांवरील चित्रणाचें. पंधरा-वीस वर्षांपूर्वींचे मोबाईल '३जीपी' या डब्यांत 'एएमआर' पद्धतीचा ध्वनि लिहीत. ही पद्धति टेलिफोनवरील संभाषणासाठीं काढलेली. तिच्या साध्या प्रकारांत सेकंदास ८,००० च मोजमापें. आजचीं कांहीं साधनें ती वाचूं शकत नाहींत. व्हीएलसीनें पाहावें, आणि एएसीमध्यें लिहून ठेवावें. आवाज टेलिफोनसारखा चिरका राहील. मुळांतच जें लिहिलें गेलें नाहीं, तें कोणतेंही साधन परत आणूं शकत नाहीं. पण टेलिफोनवर आपण आपल्या माणसाचा आवाज ओळखतोंच कीं नाहीं?

पांचवें कारण व्हीएचएसच्या फितींचें. यांत ध्वनि दोन ठिकाणीं असूं शकतो. एक फितीच्या कडेनें लांबच लांब लिहिलेला साधा ध्वनि, आणि दुसरा, चांगल्या यंत्रांनीं फिरत्या शिरांनीं चित्राबरोबरच लिहिलेला 'हायफाय' ध्वनि. हा दुसरा शिरें मळलीं किंवा फीत झिजली कीं खरखरतो, तुटतो, किंवा अजीबात बंद पडतो. यंत्रावर 'साधा' ध्वनि निवडण्याची कळ असते. ती फिरवून पाहावी, कडेचा ध्वनि बहुधा शाबूत असतो. आमच्या वणीच्या भोवतीं कोळशाच्या खाणी. उघड्या खिडकीच्या कट्ट्यावर हात फिरवावा तों काळा होतो. फिती व यंत्रें कपड्यांत गुंडाळून कपाटांत ठेवण्याची शिस्त येथें तरी सक्तीचीच समजावी. आणि यंत्र बिघडेल तर नवें मिळणार नाहीं, हेंही ध्यानांत असूं द्यावें. व्हीएचएस यंत्रें करणारा फुनाई हा शेवटचा जपानी कारखाना, त्यानेंही २०१६ च्या जुलैंत तें काम बंद केलें.

चित्र आणि ध्वनि यांची ही ताटातूट आजची नव्हे. दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' दाखविला तेव्हां राजा मुका होता. त्याच हरिश्चंद्राची कथा कोल्हापूरच्या प्रभात कंपनीनें १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' या बोलपटांत दाखविली; शांतारामबापूंचें दिग्दर्शन, गोविंदराव टेंबे राजा, दुर्गाबाई खोटे तारामती. एकोणीस वर्षांनीं राजा बोलूं लागला, गाऊं लागला. पण ध्वनि तेव्हांही चित्राहून वेगळाच लिहिला जात असे. चित्रफितीच्या कडेला ध्वनीची एक अरुंद पट्टी छापीत, आणि एखाद्या चित्राचा ध्वनि त्या चित्राशेजारीं नसून ३५ मिलिमीटरच्या फितीवर सुमारें २० चौकटी पुढें असे. कारण यंत्रांत चित्राचा झरोका एकीकडे आणि ध्वनि वाचणारा दिवा दुसरीकडे. त्याच्याही आधीं, १९२६ पासून, अमेरिकेंत 'व्हायटाफोन' पद्धतीनें ध्वनि चित्रफितीवर नव्हेच, तर सोळा इंच व्यासाच्या तबकडीवर लिहीत, आणि दोन्ही यंत्रें जोडीनें चालवीत. परिणाम असा झाला, कीं आज कित्येक चित्रांच्या फिती आहेत पण तबकड्या नाहींत, आणि कित्येकांच्या तबकड्या आहेत पण फिती नाहींत. १९९१ पासून कांहीं संग्राहक मंडळी जगभर हिंडून हीं विलग झालेलीं जोडपीं जुळवीत आहेत. आपल्याकडे तर १९३१ चा पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा', त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. ज्या चित्रानें या देशांत पडद्याला वाचा दिली, तेंच कायमचें मुकें झालें. ज्या वस्तूची दुसरी प्रत नाहीं, तिचें असेंच होतें.

हें मी अधिकारानें सांगतों असें नव्हे. अनुभवानें सांगतों, आणि तो अनुभव मानाचा नाहीं. १९९४ सालीं माझ्या थोरल्या मुलाची मुंज झाली. माझे वडील तेव्हां हयात होते. मातृभोजनानंतर त्यांनीं नातवाला मांडीशीं घेऊन कांहीं उपदेश केला. व्हीएचएसच्या फितींत तो होता. २००८ सालीं मीं ती फीत स्वतःच संगणकावर उतरविली. यंत्रापासून संगणकाकडे तीन तारा जातात: पिवळी चित्राची, पांढरी डाव्या ध्वनीची आणि तांबडी उजव्या ध्वनीची. मीं पिवळी तेवढी नीट बसविली. पांढरी-तांबडी भलत्याच छिद्रांत गेल्या. चित्र सुरेख उतरलें. तें दोन मिनिटें पाहून मला धन्यता वाटली. चित्र उतरत असतां संगणकावर आवाज बंदच ठेवावयाचा असतो, अशी माझी समजूत. महिन्याभरानें घराला रंग दिला, तेव्हां यंत्र आणि फितींचें खोकें दोन्ही भंगारवाल्यास दिलीं. आवाज नाहीं, हें दिवाळींत कळलें. येथें मोडीचा दृष्टांत लागूं पडत नाहीं. येथें कागद कोराच आहे. वडिलांचा हात मुलाच्या पाठीवर आहे, ओठ हालत आहेत, मुलगा मान डोलावीत आहे. काय सांगितलें तें मुलाला आठवत नाहीं. तो आठ वर्षांचा होता. पुतण्यास मी रागें भरलों नाहीं, याचें कारण हें.

म्हणून कांहीं नियम सांगतों. ते कडक आहेत, पण पाळण्यास खर्च नाहीं.

रूपांतर झाल्यावर नवी प्रत केवळ पाहूं नये, ऐकावी. आरंभीं, मध्यें आणि शेवटीं अशी तीन ठिकाणीं ऐकावी. कारण कित्येकदां आवाज आरंभीं असतो आणि पुढें तुटतो, किंवा हळूहळू ओठांच्या मागें पडतो. चित्रांत कोणी टाळी वाजविलेली असेल तर तें ठिकाण पाहावें. हात जुळणें आणि आवाज होणें एकाच क्षणीं आलें पाहिजे. एकदां मोबाईलवर, एकदां संगणकावर, आणि एकदां कानांत नळ्या घालून ऐकावें. डावी-उजवी दोन्ही बाजू वाजतात कीं नाहीं, तें तेव्हांच कळतें. चित्र दुसऱ्यास धाडतांना मोबाईलवर आवाज बंद करण्याचें चिन्ह असतें. त्यावर अजाणतां बोट पडत नाहीं ना, तें पाहावें.

आणि सर्वांत मुख्य: मूळ प्रत पुसूं नये. नवी प्रत ही सोयीसाठीं, मूळ प्रत ही ठेव. आज जें यंत्र वाचूं शकत नाहीं, तें उद्यांचें वाचील. मूळच नसेल तर उद्यांच्या यंत्रानें काय वाचावें? जागेची अडचण असेल तर आणखी एक साठवण-तबकडी घ्यावी. घरांत भांड्यांना कपाट लागतें तसें यालाही लागतें, असें समजावें. दोन प्रती दोन घरीं ठेवाव्या, एक आपल्याकडे, एक मुलाकडे वा मुलीकडे. म्हणजे एका घरीं अपघात झाला तरी दुसरी राहील. प्रत्येकीवर तारीख, प्रसंग आणि बोलणाऱ्याचें नांव लिहावें. 'नवीन १', 'नवीन २' अशीं नांवें देऊन आपण पुढच्या पिढीवर मोठा अन्याय करतों.

वणी हें तसें लहानसें गांव. निर्गुडेचा कांठ, रंगनाथस्वामींचें देऊळ, आणि आतां खाणींची वर्दळ. पण वाणीचा वारसा त्याला मोठा लाभला आहे. लोकनायक बापूजी अणे १८८० सालीं येथेंच जन्मले. प्राचार्य राम शेवाळकर यांनीं येथील लोकमान्य टिळक महाविद्यालयाची धुरा वाहिली, आणि त्यांचीं व्याख्यानें ऐकलेले लोक आजही त्यांच्या शब्दांहून त्यांच्या स्वराचीच आठवण आधीं काढतात. थोरामोठ्यांचे आवाज जतन करण्यास संस्था असतात. आपल्या नानांचे, आजींचे, मावशांचे आवाज जतन करण्यास आपणांवांचून कोणी नाहीं. छायाचित्रें भिंतीवर सर्वांच्याच असतात. पण माणूस गेल्यावर सर्वांत आधीं विसरतो तो त्याचा आवाज, हें ज्यांनीं घरचें कोणी गमावलें आहे त्यांना सांगावयास नको.

त्या दुपारीं दुरुस्त केलेली प्रत मीं काकूंच्या मोबाईलवर घातली. आम्ही सारे भोंवतीं बसून ऐकत होतों. घराण्याची हकीकत झाली, गुरुजनांचें स्मरण झालें, नातवंडांचा गलका सुरू झाला. एवढ्यांत काकूंनीं बोट लावून चित्र थांबविलें.

"आतां चहा मांडा," त्या सुनेला म्हणाल्या, आणि मोबाईल घेऊन देवघराकडे गेल्या. दार त्यांनीं हळूच ओढून घेतलें. चहा झाला, कप विसळून झाले, तरी दार उघडलें नव्हतें. पुतण्या ओसरीवर बसून, उरलेल्या फाइलींपैकीं कोणकोणत्या पुसलेल्या नाहींत, त्यांची यादी करीत होता.